कामरान: हजच्या वाटेवरचं सक्तीचं बंदर

(दृश्य: कल्याण स्टेशन, संध्याकाळची गर्दी)

1897 साली याच स्टेशनावर मुंबईकडून आलेल्या गाड्यांतले प्रवासी उतरवून प्लेगसाठी तपासत. ठाणे जिल्ह्यातल्या हाजींना ही तऱ्हा नवी नव्हती. भिवंडी-कल्याणकडून मुंबई बंदर गाठायचं, बोटीत बसायचं, आणि एडन मागे टाकून तांबड्या समुद्रात शिरलं की येमेनच्या किनाऱ्यालगत कामरान बेटावर उतरायचं. उतरायचं म्हणजे उतरावंच लागे.

1865 मध्ये मक्केत कॉलऱ्याची साथ आली. सुमारे 15 हजार यात्रेकरू दगावले असं मानतात. इजिप्तमार्गे साथ युरोपात शिरली, तेव्हा कुठे तिथल्या सरकारांना जाग आली. 1882 च्या सुमारास, तेव्हा येमेनवर राज्य असलेल्या तुर्कांनी कामरानवर क्वारंटाइनचं ठाणं उघडलं.

(दृश्य: रेताड किनारा, लांबवर नांगरलेली बोट)

बोटीतून होड्यांमध्ये, होड्यांतून वाळूवर. तिथे सगळ्यांना अंघोळ. पुढे वाफेची यंत्रं आली, मग कपड्यांसकट गाठोडी त्यांत जाऊ लागली. गाठोड्यात तांदूळ, डाळ, कुणी बरोबर घेतलेलं स्वतःचं कफन. सुती कापड वाफ सोसतं, पण चामड्याची वहाण आक्रसून लाकडासारखी होते. त्यानंतर झावळ्यांच्या झोपड्यांत दहाएक दिवस मुक्काम. कॉलऱ्याचा रोगी निघाला की आणखी लांबण. आणि या पाहुणचाराचे पैसे हाजींच्याच खिशातून! एहराम, म्हणजे हजसाठीचं न शिवलेलं पांढरं वस्त्र, बांधायचा तो हे सगळं उरकून बोट पुढे निघाल्यावर.

गंमत इंग्रज सरकारची. कॉलरा माणसांबरोबर प्रवास करतो, हेच त्यांचे इथले बडे आरोग्य अधिकारी कित्येक वर्षं मानेनात. क्वारंटाइनने व्यापाराला खीळ बसते, ही खरी पोटदुखी. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, आणि युरोपच्या बाजारपेठा आपल्या मालाला दारं लावतील या धास्तीने सूर पालटला. पुढच्याच फेब्रुवारीत मुंबईहून हजला जाण्यावर बंदी आली.

1915 साली महायुद्धात इंग्रजांनी कामरान घेतलं, आणि ज्या ठाण्याबद्दल वर्षानुवर्षं कुरकुर केली ते स्वतःच चालवायला लागले. 1952 च्या सुमारास ते बंद झालं.

(दृश्य: मुंब्रा, हजच्या तयारीतलं एक घर)

मुंबईहून हजची बोट 1995 पर्यंत सुटत होती. आता विमानाने काही तासांत जेद्दा. मेंदूज्वराची लस घेतल्याचा दाखला मात्र घरातूनच बरोबर न्यावा लागतो.