गलेफाच्या पुढची वाट

श्रोतेहो, नमस्कार. गुरुवारी बाबूजमालच्या दर्ग्यात ऊद आणि गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, घेऊन जाणारे कोल्हापूरकर सगळ्या जातीधर्मांचे असतात. पण गलेफ घालणं निराळं आणि सूफी पीराचा मुरीद, म्हणजे शिष्य, होणं निराळं. आज मुरीदाबद्दल बोलू.

बगदादच्या अब्दुल कादिर जिलानींचा कादरी, अजमेरच्या मोईनुद्दीनांचा चिश्ती, बुखाऱ्याच्या बहाउद्दीनांचा नक्शबंदी, असे अनेक सिलसिले, म्हणजे सूफींच्या गुरुपरंपरा. चिश्ती दख्खनेत मुरले, ते खुलताबादच्या बुरहानुद्दीन गरीबांमुळे आणि १४२२ मध्ये देह ठेवलेल्या गुलबर्ग्याच्या बंदेनवाजांमुळे.

मुरीद पीराच्या हातात हात देऊन तौबा करतो, ती बैअत. आधी शरीअत, धर्माचे नेमनियम. पाच वेळची नमाज सुटत असेल, तर पुढचं काही फळत नाही. मग जिक्र, अल्लाहचं नामस्मरण. रोजच्या नमाजीनंतरची तस्बीह पुष्कळांना ठाऊक आहे: ३३ वेळा सुभानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर. मुरीदाला याखेरीज पीर नेमून देईल तेवढं. एका प्रचलित रीतीत ‘ला इलाह इल्लल्लाह’, म्हणजे अल्लाहखेरीज दुसरा ईश्वर नाही, याचा जिक्र असा: ‘ला’ बेंबीपासून वर मस्तकाकडे ओढायचा, ‘इलाह’ उजव्या खांद्यावर आणायचा आणि ‘इल्लल्लाह’चा ठोका डाव्या स्तनाखाली दोन बोटांवर, काळजावर द्यायचा. नक्शबंदी हे मनातल्या मनात करतात. चिश्ती मोठ्यानेही करतात.

बिघडतं ते इथेच. आकडा गाठायच्या घाईत शब्द झिजतात, ओठ हलतात आणि मन बाजारात असतं. श्वास हट्टाने कोंडला की चक्कर येते, डोकं जड होतं, आणि नवखा त्यालाच ‘नूर’, दैवी प्रकाश, समजून बसतो. तालमीत वस्ताद पोराचा दम बघून जोर-बैठका वाढवतो, वेळ पडली तर कमीही करतो. पीराचंही तेच काम. म्हणून चाळीस दिवसांचा चिल्ला, म्हणजे एकांतातली साधना, त्याच्या परवानगीशिवाय धरू नये.

दुसरा धोका फार बारीक, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा. नफ्स, म्हणजे आपला अहं, आधी ‘अम्मारा’ असतो, वाईटाकडे ओढणारा. मग ‘लव्वामा’, स्वतःला टोचून बोलणारा. शेवटी ‘मुत्मइन्ना’, निवांत. मधल्या टप्प्यावर माणूस आपल्या रडण्याच्याच प्रेमात पडतो, पडलेली स्वप्नं चारचौघांत सांगत सुटतो. तिथे नफ्स मेलेला नसतो, त्याने फक्त हिरवा फेटा बांधलेला असतो.

पीर निवडताना म्हणूनच तीन गोष्टी विचारा: शजरा, म्हणजे गुरूंची वंशावळ, आहे का, मुरीद करायची इजाजत कुणी दिली, आणि स्वतःची नमाज सांभाळतो का. नजराण्याची रक्कम आधी ठरवणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा.