सरपंचताईंचा डोंगल कुणाच्या खिशात?

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय छापलाय 'गावचा निधी, समानता आणि पदांची निवड'. तिन्ही शब्द मोठे आहेत. सुरुवात मात्र मी बोटाएवढ्या एका वस्तूपासून करणार आहे, ती म्हणजे सरपंचांच्या डिजिटल सहीचा, संगणकाला लावायचा डोंगल. समोर निम्म्याहून जास्त सदस्य आणि सरपंच आहेत, त्यामुळे ग्रामपंचायत म्हणजे काय, हे सांगण्यात वेळ घालवत नाही.

धनादेशाच्या काळात सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोन सह्या लागायच्या. धनादेश घरी यायचा, ताई हातातलं काम टाकून सही करून द्यायच्या. ती पद्धत वाईटच होती, पण निदान कागद डोळ्यांखालून जायचा, रकमेचा आकडा दिसायचा. आता केंद्राकडून येणारा वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालींवरून जातो. आधी भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, देयकाची नोंद करतात, कुणाला किती द्यायचे ते भरतात आणि आपल्या डोंगलने सही करतात. (२०२४ पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं.) मग सरपंचांनी स्वतःचा डोंगल लावायचा, पिन टाकायचा, यादीतलं देयक उघडून बघायचं आणि सही करायची. दोन मिनिटांचं काम आहे.

ही दोन मिनिटं कितीतरी गावांत ताईंच्या वाट्याला येतच नाहीत. डोंगल संगणक परिचालकाच्या खणात असतो. पिन त्याच डोंगलवर चिकटपट्टी लावून लिहिलेला असतो. ओटीपी येतो तो मोबाइल नंबर यजमानांचा, नाहीतर दिराचा. ताई शेतात खुरपत असतात आणि इकडे त्यांची सही होऊन पैसे ठेकेदाराच्या खात्यात गेलेले असतात. महाराष्ट्रानं २०११ साली महिलांना निम्म्या जागा दिल्या. त्या निम्म्या जागांचा अधिकार या डोंगलमध्ये आहे आणि डोंगल दुसऱ्याच्या खणात आहे.

लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की वसुलीची नोटीस मात्र ताईंच्या नावानं येते. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली पदावरून काढण्याची कारवाई होते तीही त्यांच्यावरच. तिथे 'सही मी केली नव्हती' म्हणून भागत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीनं ती सही तुमचीच.

म्हणून पदभार घेतल्यावर पहिल्या आठवड्यात डोंगल ताब्यात घ्या. पिन बदला आणि कुठेही लिहून ठेवू नका. नोंदणीचा नंबर स्वतःचा करून घ्या. डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपते ते विचारून कॅलेंडरवर लिहा. ही मुदत मार्चमध्ये संपली की सगळी देयकं अडकतात आणि मग घाईघाईत कुणाच्याही हातून सगळं उरकलं जातं. सहीच्या दिवशी तीन कागद मागा: ठराव, बिल आणि अभियंत्यानं भरलेली मोजमाप पुस्तिका. तारीख, नाव आणि रक्कम आपल्या वहीत उतरवा आणि मगच सही करा. वही शंभर पानी पुरते, पाच वर्षं चालते. पद सोडताना आपली नोंदणी बंद केल्याची खात्री करून घ्या.

आता निधीकडे वळू. ग्रामसभेत सगळ्यात जास्त आवाज चढतो तो कुठल्या पैशातून काय होतं हे माहीत नसल्यामुळे. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी साठ टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच, आणि चाळीस टक्के अबंधित अशी विभागणी ठरवली होती. दहा लाख आले तर तीन लाख पाण्याला, तीन लाख स्वच्छतेला आणि चार लाख गावाच्या गरजेप्रमाणे. त्यातून पगार देता येत नाहीत. बंधितमधून सभामंडप मागितला तर भाऊसाहेब नाही म्हणणारच, आणि त्यांचं बरोबर असतं.

समानतेचा पैसा मात्र स्वउत्पन्नात आहे. पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी. समजा, घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं धरून गावाचं उत्पन्न आठ लाख आहे. मग एक लाख वीस हजार, ऐंशी हजार आणि चाळीस हजार, म्हणजे एकूण दोन लाख चाळीस हजार बाजूला निघायला हवेत. कागदावर ते निघतातही. पण वसुली सगळी मार्चमध्ये होते, त्यामुळे हा पैसा हातात येतो तो शेवटच्या आठवड्यात. मग दहा टक्क्यांतून अंगणवाडीला सतरंज्या येतात, मागच्या वर्षीच्या सतरंज्या कपाटात असतानाही. पाच टक्के जितके दिव्यांग तितके भाग करून वाटले जातात. पंधरा टक्क्यांचा रस्ता वस्तीच्या कडेनं जातो आणि कुणाच्या तरी मळ्यापाशी थांबतो. खर्च झाला, टक्केवारी भरली, लेखापरीक्षकाचं समाधान झालं. ज्या बाईला शाळेत मुलींसाठी दार-कडी असलेलं स्वच्छतागृह हवं होतं, तिचं काय झालं, हे त्या रजिस्टरमध्ये कुठेच दिसत नाही.

यावर उपाय आहे आणि त्याला वरून कुठलीही परवानगी लागत नाही. दर तिमाहीला मासिक सभेत जमा किती, त्याचे पंधरा-दहा-पाच किती आणि खर्च किती, हे तीन आकडे वाचून दाखवायचे. अखर्चित रक्कम पुढच्या अंदाजपत्रकात मागील शिल्लक म्हणून त्याच लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या त्याच सदरात, दाखवायची. आणि ग्रामसभेआधीची महिला सभा खरोखर भरवायची. ती भरवणं कायद्यानं बंधनकारक आहे, पण बऱ्याच ठिकाणी नोंदवही घरोघरी फिरते आणि सह्या गोळा होतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाला परिपत्रक काढावं लागलं. ग्रामसभेच्या ठरावात एवढी ताकद असते.

ठरावावरून आठवलं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सभेच्या नोटिशीतला शेवटचा विषय तुम्हाला पाठ असेल, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. आभाराचा, अभिनंदनाचा ठराव तिथे शोभतो. पैशाचा विषय तिथे घुसला की समजा, काहीतरी लपवायचं आहे. दुसरा प्रकार त्याहून वाईट. सह्या आधी घ्यायच्या, वर दोन पानं कोरी ठेवायची आणि ठराव मागाहून लिहायचे. कोऱ्या ओळींवर तिरपी रेघ मारल्याशिवाय सही करू नका. ठरावात सूचक, अनुमोदक, लेखाशीर्ष आणि आकड्यात व अक्षरात रक्कम असलीच पाहिजे. तुमचा विरोध असेल तर तो नावानिशी नोंदवायला सांगा. चहा गार झाला तरी चालेल, इतिवृत्त वाचून मगच उठा.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. पदांच्या निवडीचा भाग राहिलाच, तो भरभर सांगतो.

सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. थेट सरपंचांवर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. नंतरही तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेची मोहर लागते. त्यामुळे आरक्षणातून आलेल्या ताईंना 'उद्या उतरवू' ही धमकी पोकळ आहे. घाबरून कोऱ्या कागदावर राजीनामा लिहून देऊ नका. पद सव्वा-सव्वा वर्ष वाटून घ्यायच्या तोंडी करारात हेच होतं. सरपंचांचा राजीनामा पंचायत समितीच्या सभापतींकडे जातो, गटाच्या पुढाऱ्याकडे नाही.

उपसरपंचपदाला आरक्षण नाही. सरपंचपद आरक्षणात गेलं की गावचे जुने कारभारी नेमके तिथे बसतात आणि कारभार तिथून चालतो. उपसरपंचाची निवड ग्रामपंचायतीच्या सभेत होते, म्हणून त्या सभेआधी महिला सदस्यांनी एकत्र बसून आपला उमेदवार ठरवायला हवा. अकरा जणांत सहा बाया असतात, हिशेब सोपा आहे.

आणि पदांचा लिलाव. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथे बोली लागल्याचं उघड झालं आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. बोलीतला पैसा देवळाला जातो, म्हणून लोकांना त्यात वावगं वाटत नाही. पण ज्या घरात बोली लावायला पैसाच नाही, तिथली बाई त्या दिवशीच बाद होते, अर्ज भरण्याआधीच. तुमच्या गावात अशी बैठक बसली तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि बैठकीची तारीख, जागा त्यात लिहा.

मोजमाप पुस्तिकेचं एक भरलेलं पान आणि ठरावाचा नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. जाताना एकेक प्रत घेऊन जा.