पांढऱ्या पाण्यावर एकच गोळी नसते

(दृश्य : पूर्व भागातील गल्ली. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रिया.)

सोलापूरच्या पूर्व भागात साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या परिसरात आजही अनेक घरांच्या ओसरीवर विड्या वळल्या जातात. वळलेल्या विड्या मोजून दिल्या की हजारी दराने मजुरी मिळते, त्यामुळे रुग्णालयाच्या रांगेत गेलेला दिवस त्या मजुरीतूनच वजा होतो. अंगावरून पांढरे जाते, खाज सुटते, वास येतो, ही तक्रार घरातही दबक्या आवाजात सांगितली जाते. मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात कुणाला तरी पाठवून 'पांढऱ्या पाण्याची गोळी' मागवली जाते. ज्यांना दिवस बुडवणे परवडत नाही, त्यांना यासाठी बोल लावणे अन्यायाचे ठरेल. पण ती गोळी नेमकी कशावर चालते, हे त्यांना कुणीतरी नीट सांगायला हवे.

पाळीच्या चक्रानुसार कमीअधिक होणारा, वास किंवा खाज नसलेला स्राव हा आजार नाही. त्याला औषधच लागत नाही.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालील काचपट्टी.)

निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जिवाणू असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तेथील पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ४.५ च्या खाली ठेवतात. हे जिवाणू घटून इतर जिवाणूंची संख्या बेसुमार वाढली की बॅक्टेरियल व्हजायनोसिस होतो. पातळ, करड्या-पांढऱ्या स्रावाला माशासारखा वास येतो. ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी असून त्याचा संसर्ग शरीरसंबंधातून होतो. दह्याच्या कवडीसारखा घट्ट स्राव आणि असह्य खाज बहुधा कॅन्डिडा या बुरशीमुळे असते. मेट्रोनिडाझोल हे ॲन्टिबायोटिक पहिल्या दोन्हींवर उपयोगी पडते, बुरशीवर मात्र त्याचा काहीही परिणाम होत नाही. बुरशीसाठी क्लोट्रिमाझोलसारखी बुरशीनाशकेच लागतात. आणखी गंभीर बाब अशी की, सर्दी-तापासाठी घेतलेल्या ॲन्टिबायोटिक्सनेही लॅक्टोबॅसिलस मरू शकतात आणि बुरशीला मोकळे रान मिळते. खाज वाढली म्हणून दुकानातून आणलेली मेट्रोनिडाझोलची तीच गोळी पुन्हा घेणारी स्त्री, आपल्याही नकळत, त्रास वाढवत असते.

लक्षणांवरून अंदाज बांधता येतो, पण तो अनेकदा चुकतो, आणि एकाच वेळी दोन संसर्ग असणेही दुर्मीळ नाही. म्हणून तपासणी हवी. डॉक्टर योनिमार्ग पाहतात, पीएचच्या कागदाने आम्लता तपासतात आणि स्रावाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. यास फार वेळ लागत नाही. सोलापूरकर ज्याला 'सिव्हिल' म्हणतात त्या शासकीय रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अशा संसर्गांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' चालवली जातात. तेथील तपासणी गोपनीय असते.

(दृश्य : गोळ्यांचे पाकीट, त्यावरील उभी लाल रेघ.)

पाकिटावरील ही लाल रेघ सांगते की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. बॅक्टेरियल व्हजायनोसिससाठी मेट्रोनिडाझोल सामान्यतः ४०० किंवा ५०० मिलिग्रॅमच्या मात्रेत दिवसातून दोनदा, सात दिवस दिले जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वास जातो आणि उरलेल्या गोळ्या डब्यात पडून राहतात. पुढे त्याच गोळ्या जावेला किंवा शेजारणीला दिल्या जातात. दोन्ही गोष्टी टाळायला हव्यात. या औषधाने तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळ होते. जेवणानंतर घेतल्यास हा त्रास कमी होतो. रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. याच आजारावरील क्लिन्डामायसिन या दुसऱ्या औषधाचे योनिमार्गात लावायचे तेलयुक्त मलम लॅटेक्सचा निरोध कमकुवत करते, ही गोष्ट मलम लिहून देतानाही पुष्कळदा सांगायची राहून जाते.

पूर्ण औषध घेऊनही बॅक्टेरियल व्हजायनोसिस वर्षभरात निम्म्याहून अधिक स्त्रियांना पुन्हा होतो. साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुतल्याने तर उपकारक जिवाणूच निघून जातात. ट्रायकोमोनासमध्ये पतीवरही त्याच वेळी उपचार व्हावे लागतात, अन्यथा संसर्ग परत येतो. बॅक्टेरियल व्हजायनोसिसबाबत मात्र जोडीदारावर उपचार करण्याची पद्धत पूर्वी नव्हती. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात, पुरुष जोडीदारालाही गोळ्या आणि मलम दिल्यावर बारा आठवड्यांत आजार परतण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आले. आजवर सगळा दोष आणि सगळी औषधे एकट्या स्त्रीच्या वाट्याला येत राहिली, म्हणून ही माहिती घराघरांतील पुरुषांपर्यंत पोहोचणे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

ओटीपोटात दुखणे, ताप, संबंधांनंतर रक्तस्राव किंवा पाळी बंद झाल्यावर रक्तमिश्रित स्राव, यांपैकी काहीही असेल तर दुकानातील गोळीवर एक दिवसही काढू नये. बुरशीचा संसर्ग वर्षातून तीन किंवा अधिक वेळा झाला तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. तपासणीस जाताना आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्यावीत. दिवस गेल्याची शक्यता असेल तर ते सुरुवातीलाच सांगावे, कारण डॉक्सिसायक्लिन हे ॲन्टिबायोटिक आणि पोटात घ्यायची फ्लुकोनाझोल ही बुरशीनाशक गोळी गरोदरपणात टाळली जाते आणि डॉक्टर त्याऐवजी दुसरे औषध निवडू शकतात.