भिंतीच्या आत आल्यावर

श्रोतेहो, नमस्कार. प्रेतं उठून चालू लागली तर माणसं जीव कसा वाचवतील, यावर रग्गड कॉमिक्स निघाली आहेत. मला आज बोलायचं आहे ते वाचलेल्यांबद्दल. ही माणसं पुन्हा चारचौघांत नांदणार कशी?

रॉबर्ट कर्कमन यांचं 'द वॉकिंग डेड' 2003 साली सुरू झालं आणि 2019 मध्ये 193व्या अंकावर थांबलं. सगळं काळ्या-पांढऱ्यात. पहिल्या सहा अंकांची चित्रं टोनी मूर यांनी काढली, पुढची चार्ली ॲडलार्ड यांनी. लचके तोडणाऱ्या प्रेतांना वाचक लवकरच सरावतो. माझा जीव गुंतला तो ॲलेक्झांड्रियात. वॉशिंग्टनजवळची ही भिंतीआडची वस्ती. टापटीप घरं, शेजारपाजार, घरगुती पार्ट्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण विदर्भात मारबत, म्हणजे पिडेचा पुतळा, काढतो, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत ती गावाबाहेर नेऊन जाळतो, आणि गाव मोकळं होतं. इथे पिडा भिंतीबाहेरच आहे, तरी आत आलेली माणसं काही केल्या मोकळी होत नाहीत.

मिशॉनचंच बघा. रस्त्यावर तलवारीच्या जोरावर जगलेली बाई. एका पार्टीत बायकांच्या घरगुती गप्पा चाललेल्या असतात, त्यात वावगं काहीच नसतं, आणि ही एकदम भडकते. पार्टी गप्प. पुढे रिक. मूळचा पोलीस. त्याच्याजवळ एक बंद पडलेला टेलिफोन आहे, त्यावर तो मेलेल्या बायकोशी बोलतो. दिवसा मात्र वस्तीचा कॉन्स्टेबल म्हणून फिरतो. फाटकाशी बंदुका जमा केल्या होत्या. त्यातल्या काही तो साथीदाराकरवी गुपचूप चोरून परत मिळवतो. त्याच्या लहानग्या मुलाला, कार्लला, तर इथली माणसं बावळट वाटतात, आपणही तसेच होऊ याची त्याला धास्ती.

बरं, दोष एकट्या नव्यांचा नाही. पीट नावाचा डॉक्टर बायकोला मारतो. डॉक्टर हाताशी हवा, म्हणून वस्तीचा पुढारी डग्लस कानाडोळा करतो. (हे काही अमेरिकेतच घडतं असं नाही.) रिकला ते बघवत नाही. तो मध्ये पडतो, मारामारी होते, हातात बंदूक येते, आणि साऱ्या वस्तीला धोकादायक दिसतो तो रिक. रस्त्यावर ज्या सवयीने जीव वाचला, तीच इथे गुन्हा ठरते. पण तिच्याशिवाय त्या बाईला वाचवणारं तरी कोण होतं? डग्लसकडे याचं उत्तर नव्हतं. ते मिळेपर्यंत त्याची स्वतःची बायको पीटच्या हातून मारली जाते.

कर्कमन यांचं मला पटतं ते पुढचं. इथे समुपदेशनाने किंवा गोड बोलून कोणी माणसात येत नाही, अंगावर काम पडतं तेव्हा येतं. मिशॉन पूर्वी वकील होती. शेवटच्या अंकात बरीच वर्षं उलटली आहेत, आणि ती न्यायाधीशाच्या खुर्चीत बसली आहे. समोर आरोपी कोण, तर आपला कार्ल, आता बायकापोरांचा संसारी गडी. चालती प्रेतं आता खेळ करून दाखवण्यापुरती उरलीत. तशी दुसऱ्याच्या मालकीची प्रेतं त्याने मारली, म्हणून खटला! भरपाई मागितली जाते, साक्षी होतात.

वाचायचं असेल तर ॲलेक्झांड्रियाचा भाग बाराव्या खंडाच्या आसपास सुरू होतो. घरात लहान मुलं असतील तर पुस्तक वरच्या फळीवर ठेवा. चित्रं फार भयंकर आहेत. नमस्कार.