जोगेंद्रनाथ मंडल : बारिसाल ते बनगाव

[दृश्य : नदी, होड्या, पाण्यात उभी भातशेती]

बारिसाल. आजच्या बांगलादेशातला नद्यांचा मुलूख. इथल्या मैस्तरकांदी गावात १९०४ साली जोगेंद्रनाथ मंडल जन्मले. घर नमःशूद्रांचं. भात पिकवणारे, होड्या वल्हवणारे हे लोक; आणि शिवाशिव त्यांच्याही पाचवीला पुजलेली.

१९३७ साली मंडल बंगालच्या विधानसभेवर अपक्ष निवडून आले. राखीव नव्हे, सर्वसाधारण जागेवरून, काँग्रेसच्या उमेदवाराला हरवून. पुढे ते मुस्लिम लीगच्या बाजूने गेले, मंत्री झाले. यामागचं त्यांचं गणित सरळ होतं. नमःशूद्र कुळ आणि मुसलमान कुळ एकाच चिखलात राबतं. जमीनदार आणि सावकार बहुतेक सवर्ण. मग आपला माणूस कोण?

[दृश्य : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं छायाचित्र]

महाराष्ट्रात मंडल हे नाव घरोघरी माहीत असायला हवं होतं. १९४६ साली मुंबई प्रांतातून संविधान सभेत जाण्याची वाट बाबासाहेबांना बंद झाली होती. तेव्हा बाबासाहेबांच्या पक्षातर्फे, म्हणजे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे, बंगालमधून निवडून आलेले मंडल एकटेच होते. त्यांनी आमदारांची मतं जमवली आणि बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेत गेले. फाळणीने ती जागा गेली. मग मुंबईतून त्यांची पुन्हा निवड झाली. पण पहिलं दार उघडलं ते बारिसालच्या या माणसाने.

[दृश्य : कराची, ऑगस्ट १९४७]

१० ऑगस्ट १९४७. पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक. तात्पुरत्या अध्यक्षाच्या खुर्चीत मंडल बसले आहेत. दुसऱ्या दिवशी याच सभेत जीना सांगतात, तुमचा धर्म कोणता, जात कोणती, याच्याशी राज्यकारभाराचा संबंध नाही. मंडल यांनी हा शब्द खरा मानला. ते पाकिस्तानचे पहिले कायदा मंत्री झाले. त्याच वेळी दिल्लीत कायदा मंत्री होते बाबासाहेब.

सप्टेंबर १९४८ मध्ये जीना गेले. मार्च १९४९ मध्ये संविधान सभेने उद्दिष्टांचा ठराव मंजूर केला आणि राज्याची पायाभरणी इस्लामच्या तत्त्वांवर होणार हे ठरलं. १९५० च्या फेब्रुवारीत पूर्व बंगालमध्ये, म्हणजे तेव्हाच्या पाकिस्तानच्या पूर्व भागात, दंगली पेटल्या, बारिसालमध्येसुद्धा. मारले गेले त्यांत मंडल यांच्या शब्दावर तिथेच राहिलेले नमःशूद्र होते.

८ ऑक्टोबर १९५०. कलकत्त्याहून मंडल पंतप्रधान लियाकत अली खान यांना राजीनामा पाठवतात. हे पत्र मुळातून वाचावं असं आहे. भलंमोठं. गावांची नावं घेऊन, कुठे काय घडलं ते एकेक मांडणारं. आपण लीगला साथ का दिली हेही त्यात आहे. ते त्यांनी लपवलं नाही.

भारतात त्यांना कुणी हार घालून घेतलं नाही. पाकिस्तानच्या लेखी ते पळपुटे, इथल्यांच्या लेखी लीगचे साथीदार. मला हा शिक्का अन्यायाचा वाटतो. त्यांचा अंदाज चुकला, आणि त्याची किंमत त्यांच्याच माणसांनी मोजली. पण ज्यांच्यासाठी ते लीगकडे गेले, त्यांच्यासाठीच त्यांनी मंत्रिपद सोडलं. पुढची वर्षं ते पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांमध्ये वावरले. निवडणुका लढवल्या, हरले.

[दृश्य : बनगाव, सीमेकडे जाणारा रस्ता]

५ ऑक्टोबर १९६८ रोजी पश्चिम बंगालमधल्या बनगावात त्यांचं निधन झालं. इथून सीमा अगदी हाकेच्या अंतरावर आहे. बारिसाल तिच्या पलीकडे.