लिस्टमध्ये नेमकं काय आहे, हे जावाला रनटाइमला कळत नाही

नमस्कार मंडळी! आज थेट कोडवर येते. स्क्रीनवर बघा, दोन अ‍ॅरेलिस्ट बनवल्यात. एक स्ट्रिंगची, एक इंटिजरची. दोन्हींवर गेटक्लास कॉल करून तुलना करूया. उत्तर काय आलं? ट्रू! दोन्हींचा क्लास एकच.

याला म्हणतात टाइप इरेजर. कम्पायलर टाइप नीट तपासतो, पण रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालताना, त्या लिस्टजवळ 'मी स्ट्रिंगची आहे' ही खूण उरत नाही. उरते नुसती अ‍ॅरेलिस्ट. तुम्ही गेट करून वस्तू काढता ना, तिथे लागेल तसा कास्ट, म्हणजे 'ही वस्तू या टाइपची समज' अशी सूचना, कम्पायलर स्वतःच घालतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

असं का केलं? जेनेरिक्स, म्हणजे 'स्ट्रिंगची लिस्ट' असा आतला टाइप सांगायची सोय, आले 2004 मध्ये, जावा 5 सोबत. तोवर साध्या लिस्टवर लिहिलेला ढीगभर कोड जगात चालू होता, आणि तो मोडायचा नव्हता. मला तो निर्णय पटतो. सी शार्पने 2005 मध्ये दुसरी वाट धरली: तिथे रनटाइमलाही टाइप कळतो, पण जेनेरिक कलेक्शन्स जुन्यांपेक्षा वेगळी द्यावी लागली.

आता खरी अडचण. हातात ऑब्जेक्ट टाइपचं व्हेरिएबल आहे. 'ही स्ट्रिंगची लिस्ट आहे का?' असं इन्स्टन्सऑफने विचारलं, की कम्पाइलच होत नाही. 'लिस्ट आहे का?' एवढंच विचारता येतं. मग आपण सरळ कास्ट करतो, अनचेक्ड कास्टची, म्हणजे 'हा कास्ट पूर्ण तपासता येणार नाही' अशी वॉर्निंग येते, आणि आपण सप्रेसवॉर्निंग्ज लावून ती दडपतो. मीही दडपली होती. त्या ओळीवर काहीच झालं नाही. क्लासकास्टएक्सेप्शन, म्हणजे चुकीच्या कास्टचा एरर, आला भलत्याच फाइलमधल्या फॉर लूपमध्ये, जिथे मी कास्ट लिहिलेलाच नव्हता! तो होता कम्पायलरने घातलेला कास्ट. दोन दिवस गेले शोधण्यात.

म्हणून लिस्ट बाहेरून येत असेल, तर मेथडला क्लास ऑब्जेक्टही पाठवा. स्ट्रिंग डॉट क्लास दिलात, की एकेक वस्तू इझइन्स्टन्सने तपासून नव्या लिस्टमध्ये भरता येते. वॉर्निंगही येत नाही.

आणि चुकीची वस्तू नेमकी कोण घालतंय तेच सापडत नसेल, तर लिस्ट जिथे तयार होते तिथे ती कलेक्शन्स डॉट चेक्डलिस्टमध्ये गुंडाळा. मग अ‍ॅड करतानाच एक्सेप्शन येतो, आणि स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे एररसोबत येणाऱ्या कॉल्सच्या यादीत, घालणाऱ्याची ओळ दिसते.