मतं न मोजता निर्णय: ब्रिटनमधल्या क्वेकरांची सभा

(दृश्य: इंग्लंडमधलं एक लहान सभागृह. चौकोनात मांडलेल्या खुर्च्या, मधोमध टेबल, त्यावर फुलं आणि बायबल.)

निवेदन: रविवारची सकाळ. इथे वेदी नाही, क्रूस नाही, पाद्री नाही. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी इंग्लंडमध्ये क्वेकर हा ख्रिस्ती पंथ उभा केला. ईश्वराचं काहीतरी प्रत्येक माणसात आहे आणि ते ऐकायला मध्यस्थ लागत नाही, ही त्यांची श्रद्धा. म्हणून ब्रिटनमधले क्वेकर तासभर शांत बसतात. एखाद्याला आतून बोलल्यावाचून राहवलं नाही, तर तो उभा राहतो, थोडक्यात बोलतो आणि बसतो. त्यावर कुणी लगेच उत्तर देत नाही. ऐकलेलं मुरायला वेळ जाऊ देतात. तास संपला की दोन एल्डर, म्हणजे उपासनेची काळजी घेणारे सदस्य, हस्तांदोलन करतात, मग सगळेच शेजाऱ्याशी. सूचना होतात, चहा होतो.

पण ही माणसं एकत्र कशी टिकतात, हे पाहायचं तर कामकाजाच्या सभेत बसायला हवं.

(दृश्य: टेबलामागे क्लार्क, म्हणजे सभा चालवणारा सदस्य, आणि सहायक क्लार्क. समोर कागद.)

निवेदन: छताची दुरुस्ती, जमाखर्च, निर्वासितांना मदत असे सगळे विषय इथे येतात. हात वर करून मोजणी नाही, बहुमत नाही. ही सभासुद्धा उपासनाच आहे. सुरुवात आणि शेवट शांततेत.

क्लार्क विषय मांडतो. बोलायचं असेल त्याने उभं राहायचं आणि क्लार्कने बोलावल्यावर साऱ्या सभेला उद्देशून बोलायचं. एका विषयावर शक्यतो एकदाच. आपला मुद्दा दुसऱ्या कुणी मांडला असेल, तर पुन्हा मांडायचा नाही. दोन बोलण्यांच्या मध्ये थांबायचं. क्लार्क स्वतःचं मत पुढे रेटत नाही. सभा कुठे चालली आहे, ते ओळखणं त्याचं काम. ते उमगलं की तो तिथेच नोंद लिहितो आणि मोठ्याने वाचतो. शब्द खटकले तर सगळ्यांसमोर बदलतात. मान्य असेल तर सभा म्हणते, ‘आशा आहे’. एकदा स्वीकारलेल्या नोंदीतला मजकूर नंतर घरी बसून फिरवता येत नाही.

हे बिघडतं कुठे? माणसं घरूनच मत पक्कं करून येतात, तिथे. दोघं एकमेकांनाच उत्तरं देऊ लागले की सभेचा वाद होतो. मग क्लार्क शांत बसायची विनंती करतो. अर्धं तुझं, अर्धं माझं अशी तडजोड झाली, तर वरवर शांतता दिसते, पण काम कुणीच मनापासून करत नाही. आणि सगळ्यांत घातक म्हणजे सभेत गप्प बसून नंतर चहाच्या कपाशी कुरकुर करणं. न बोललेला आक्षेप सभेला विचारातच घेता येत नाही.

एकट्याचा विरोध असला तरी तो नीट ऐकला जातो, मात्र तो नकाराधिकार नव्हे. ‘मला पटत नाही, पण मी आड येत नाही’ असं म्हणता येतं. विषय फारच तापलेला असेल तर आधी नुसती चर्चेची सभा घेतात. तिला ‘मळणी’ म्हणतात; तिथे कोणताच निर्णय करत नाहीत.

(दृश्य: यॉर्क शहर.)

निवेदन: २००९ मध्ये यॉर्कला भरलेल्या ब्रिटनमधल्या सगळ्या क्वेकरांच्या वार्षिक सभेने याच रीतीने ठरवलं, की समलिंगी जोडप्यांचे विवाहही इतरांसारखेच लावायचे, आणि सरकारकडे कायदा बदलण्याची मागणी केली. इंग्लंड आणि वेल्ससाठी तो कायदा २०१३ मध्ये झाला. क्वेकर विवाहात पुरोहित नसतोच. शांततेत जोडपं उभं राहून एकमेकांना वचन देतं आणि हजर असलेले सगळे, लहान मुलंसुद्धा, विवाहपत्रावर सही करतात.

सगळ्या जगात अशीच उपासना चालते असं नाही. सर्वांत जास्त क्वेकर केनियात आहेत आणि तिथे बहुतेक ठिकाणी पाद्री, प्रवचन, भजनं असतात. आपल्याकडचा धागा सेवाग्रामचा. मार्जोरी साइक्स या क्वेकर शिक्षिकेने तिथे नई तालीमचं, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचं, काम केलं.

(दृश्य: फिलाडेल्फियातलं जुनं विटांचं सभागृह.)

निवेदन: या संथ रीतीची किंमत दुसऱ्यांनीही मोजली आहे, आणि ती सांगायलाच हवी. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निवेदन दिलं. खालच्या सभेने ते वरच्या सभेकडे पाठवलं, वरच्या सभेने आणखी वर, आणि तिथे ते बाजूला ठेवलं गेलं. त्या काळात अनेक क्वेकर स्वतःच गुलामांचे मालक होते. जॉन वूलमन या क्वेकरासारखी माणसं पुढे वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन मालकांशी बोलत राहिली. गुलाम बाळगणाऱ्याला सदस्य राहता येणार नाही, असं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने ठरवलं ते १७७६ मध्ये. मधल्या ८८ वर्षांत जे गुलामीतच मेले, त्यांना या सभांमध्ये बोलायला जागा नव्हती.